नाशिकच्या गंगापूर रोडवरचं दातांचं क्लिनिक : चार स्टार, पाचवा वेटिंगमध्ये गेला

रिव्ह्यू लिहायचा मला कंटाळा आहे, पण माझी चांगली दाढ जाता जाता वाचलीय म्हणून लिहितोय. नाव टाकत नाही, ऑलरेडी तिथे बसायला जागा नसते.

झालं असं की दिवाळीनंतर उजव्या बाजूला गार पाणी लागलं की सणक जायची. दोन-तीन सेकंद, की गायब. म्हटलं सेन्सिटिव्हिटी असेल, जाहिरातीतली पेस्ट आणली, विषय संपला. मग एक दिवस गरम चहाचा घोट घेतला आणि जो ठणका लागला तो अर्धा तास हलायलाच तयार नाही. त्यानंतर रात्री सुरू झालं. दिवसभर अंबडला कंपनीत ठीक, आणि घरी येऊन आडवं पडलं रे पडलं की दाढेत नाशिक ढोल. दोन उशा लावून बसल्या बसल्या झोपलो की जरा कमी व्हायचं (झोपल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो म्हणून असं होतं, हे नंतर कळलं). मेडिकलवाल्याने तीन दिवसांच्या अँटिबायोटिक आणि पेनकिलर दिल्या, त्याने ॲसिडिटी तेवढी झाली.

आधी घराजवळच एका ठिकाणी गेलो. कुठली दुखते विचारलं, मी खालची शेवटची दाखवली. आत एक नजर टाकली आणि म्हणे अक्कलदाढ आहे, काढून टाकू, उद्या या. एक्सरे नाही, काही नाही. बायको म्हणाली, "अहो, काढल्यावर परत बसवता येणारे का, दुसरीकडे दाखवा तरी." तिचं ऐकलं ते बरं झालं.

मग गंगापूर रोडला आलो. इथल्या डॉक्टर मॅडमनी पहिली वीस मिनिटं हत्यारच हातात घेतलं नाही. नुसते प्रश्न. गारने दुखतं की गरमने, किती वेळ टिकतं, आपोआप सुरू होतं का, चावल्यावर कळ येते की चावून सोडल्यावर. मला वाटलं टाइमपास चाललाय. पण नंतर त्यांनीच समजावलं, गारने सणक येऊन लगेच गेली तर बऱ्याचदा नुसतं फिलिंग करून भागतं आणि ठणका नंतरही रेंगाळत राहिला, गरमने वाढला, रात्री झोपेतून उठवायला लागला, तर आतली नस सुजलेली असते आणि ती आता स्वतःहून बरी होत नाही. आणि चावून सोडताना कळ आली तर दाताला तडा गेलाय का ते बघावं लागतं. म्हणजे मी पेस्टवर जे दीड-दोन महिने घालवले त्यात फिलिंगची केस रूट कॅनॉलची (आतली नस काढून मुळं साफ करून भरायची) झाली.

मग खरी मजा. मॅडमनी बर्फासारखा गार कापूस एकेका दाढेला लावला, आरशाच्या दांड्याने टकटक करून बघितलं. खालची अक्कलदाढ? काहीच नाही. वरची, शेवटून दुसरी? खुर्चीचे हात उपटायचे राहिले फक्त. मी हट्टाने सांगतोय खाली दुखतंय म्हणून, तर म्हणाल्या नसेचं दुखणं असंच फसवतं, वरचं खाली वाटतं, खालचं वर, उजवीकडचं डावीकडे मात्र सहसा जात नाही. एक्सरेत दिसलं, जुन्या सिमेंटच्या खाली दोन दाढांच्या मधून कीड पार आतपर्यंत गेलेली. बाहेरून दाढ एकदम टकाटक. आणि मी दुसऱ्याच दिवशी खालची काढायला निघालो होतो!

रूट कॅनॉल दोन सिटिंगमध्ये झालं. भुलेची सुई टोचली तेवढंच, नंतर काही कळलं नाही. वरच्या दाढेत बऱ्याचदा चौथं बारीक कॅनॉल, म्हणजे मुळातली नळी, असतं, ते शोधण्यात पहिल्या दिवशी वेळ गेला, मान आखडली. रूट कॅनॉलचे 5500, कॅपचे 7000 वेगळे. स्वस्त नाही. बजेट कमी असेल तर पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेज आहे, तिथे विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली करतात, फेऱ्या जास्त होतात.

मला सगळ्यात जास्त पटलं ते आईच्या वेळी. तिच्या वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखायला लागल्या, सर्दी होऊन आठवडा झाला होता, वाकली की जास्त. तीन-चार फिलिंगचं बिल सहज फाडता आलं असतं. मॅडमनी दात तपासले, म्हणाल्या, काकू दात चांगले आहेत, वरच्या दाढांची मुळं सायनसला टेकलेली असतात, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तपासणीचे 200 घेतले, बस.

आता एक स्टार का कापला. सातची अपॉइंटमेंट, आत घेतलं सव्वाआठला. समोर बाइक लावायला जागा नाही. टीव्हीवर न्यूज चॅनल फुल आवाजात, दुखऱ्या दाढेला तेवढंच पाहिजे होतं. रविवारी बंद, आणि दात दुखायला रविवारच लागतो. मेसेजला मात्र उत्तर येतं. मी विचारलं लवंगेचं तेल लावू का, तर म्हणे किडीच्या खड्ड्यात कापसाला थेंबभर चालेल, हिरडीला चोपडू नका, भाजतं. आणि अँटिबायोटिक मनाने परत घेऊ नका, नसेचा ठणका त्याने थांबत नाही.

तिथल्या वेटिंगमध्येच आमच्या कंपनीतला एक जण भेटला. त्याचा ठणका चार दिवसांनी आपोआप थांबला होता, तर हा खूश, "काय भो, फुकटात बरं झालं!" नस मेली होती म्हणून थांबला होता. तीन आठवड्यांनी गाल भजीसारखा फुगला, ताप, तोंड दोन बोटंही उघडेना, ॲडमिट करून पू काढावा लागला. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, गिळता येईना, श्वास लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ मोठं हॉस्पिटल. आणि जबडा दुखतोय, सोबत छाती भरलीय, घाम फुटलाय, तर तिथे दाताच्या डॉक्टरचं कामच नाही, हार्टचं बघा.

जायचं असेल तर सकाळी 11 चा स्लॉट मागा, संध्याकाळचा नको. माझी कॅप गुरुवारी बसणार आहे, तोपर्यंत मिसळ डाव्या बाजूने चालू आहे.