दाखला अडकलाय: माहिती अधिकार की सेवा हक्क?

उत्पन्नाचा दाखला मुदत उलटूनही हातात नाही. मावसभाऊ विचारतो, माहितीचा अर्ज टाकू की सेवा हक्कात, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा मिळण्याच्या कायद्यात, अपील करू?

खर्च माहिती अधिकारात 10 रुपये. सेवा हक्काचं पहिलं अपील मुदत संपल्यापासून 30 दिवसांत करायचं असतं, आणि त्यासाठी दाखल्याच्या अर्जाची पोचपावती हवीच. अर्ज क्रमांक आणि सेवेची मुदत त्यावरच असते. आपण नेमकी तीच चुरगळून खिशात कोंबतो!

वेळेचं म्हणाल तर माहिती अधिकारात 30 दिवस, आणि शेवटी मिळते ती माहिती: फाईल कुणाच्या टेबलावर, किती दिवस. दाखला नाही. 2015 च्या महाराष्ट्राच्या सेवा हक्क कायद्यात थेट सेवाच मागता येते, मात्र ती अधिसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या यादीतली, हवी.

दंड? माहिती अधिकारात रोज 250, कमाल 25,000. सेवा हक्कात 500 ते 5,000. आकडा लहान, पण भरायचा पदनिर्देशित अधिकाऱ्याने, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने, स्वतः.

नुसता दाखला हवा असेल तर सेवा हक्कातलं अपील. सेवा यादीत नसेल, किंवा अडवणूक कोण करतंय ते कागदावर हवं असेल, तर माहितीचा अर्ज.