चवदार तळं: सत्याग्रह की कोर्ट?

महाडचं तळं खुलं कशानं झालं? कागदावर ते आधीच खुलं होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा १९२३चा बोले ठराव कायदेमंडळात मंजूर, महाड नगरपालिकेलाही मान्य. अस्पृश्यांना पाणी मात्र बंद.

२० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर मोठ्या जमावासह तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्यायले. ठरावाला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते एका दिवसात झालं. किंमतही लगेच मोजावी लागली: परतणाऱ्यांवर लाठ्या पडल्या, तळ्याचं शेण-गोमूत्रानं ‘शुद्धीकरण’ झालं.

कोर्टात पहिली धाव सवर्णांनी घेतली. तळं खासगी आहे म्हणत डिसेंबरात आंबेडकरांवरच दावा ठोकला, तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. स्वतः बॅरिस्टर असलेल्या बाबासाहेबांनी तो पाळून दुसऱ्या खेपेचं पाणी घेणं पुढे ढकललं. (जमलेल्या सत्याग्रहींना हे पटवणं सोपं नसणार!) मग तारखांवर तारखा. अखेर मार्च १९३७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला: मज्जावाची वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचं सवर्णांना सिद्ध करता आलं नाही.

दहा वर्षं गेली, पण हा निकाल गोमूत्र शिंपडून पुसता येणारा नव्हता. तरी माझा कौल सत्याग्रहालाच. पाणी कुणी प्यायलंच नसतं, तर दावा झाला नसता आणि ठराव नगरपालिकेच्या दप्तरात पडून राहिला असता.