भोसरीतलं गॅरेज, हायब्रिड गाडीची खडखड आणि एक फ्लायव्हील डॅम्पर

सिग्नलला उभं असताना इंजिन आपोआप चालू झालं की डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज यायचा. एक-दीड सेकंद, मग शांत. इंजिन बंद होताना पुन्हा तोच आवाज आणि वर एक हिसका. गाडी २०१४ ची हायब्रिड सेडान, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी, मी २०१९ मध्ये सेकंडहँड घेतलेली, मीटरवर १ लाख ६८ हजार किलोमीटर. विम्याच्या कामासाठी चिंचवड, सातारा, कऱ्हाड अशी आठवड्यातून दोनदा माझी फेरी असते. खंबाटकी घाटातून रात्री एकटीने यायचं तर गाडीवर भरवसा लागतो, आणि तो उडत चालला होता.

आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. दीड दिवस ठेवून घेऊन त्यांनी सांगितलं, ट्रान्समिशन गेलंय, अख्खं बदलावं लागेल, सव्वातीन लाख. काय गेलं, कशावरून गेलं, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘हायब्रिडमध्ये उघडून बघत नसतात मॅडम.’ मी गाडी घेऊन परत आले. त्या रात्री झोप लागली नाही.

मग ऑफिसातल्या सहकाऱ्याने भोसरी एमआयडीसीतलं हे गॅरेज सांगितलं. पत्र्याची शेड, दोन लिफ्ट, चार पोरं. मालक पन्नाशीचे. पोरं त्यांना उस्ताद म्हणतात, मी दादा म्हणाले.

दादांनी बोनेट उघडलंच नाही. ‘ताई, तुम्हीच चालवा, मी बाजूला बसतो,’ म्हणाले. स्पाइन रोडवर वीसेक मिनिटं फिरलो. इंजिन किती वेळा चालू झालं ते बोटांवर मोजत होते. अकरा वेळा, आणि अकराही वेळा खडखड. परत आल्यावर विचारलं, ‘सकाळी गार गाडीला जास्त येतो, की तापल्यावरही एवढाच?’ तापल्यावरही एवढाच, मी सांगितलं.

हा प्रश्न किती मोलाचा होता ते त्यांनीच नंतर समजावलं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, झिरपायला लागलं की रात्रभरात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, सिलिंडरमध्ये उतरतं, आणि सकाळी पहिल्यांदा इंजिन चालू होताना गाडी अशीच हादरते, खडखडते. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं. पण ते दुखणं मुख्यतः पहिल्या स्टार्टचं. माझं दिवसभर सोबत होतं.

तेवढ्यावर त्यांनी निकाल दिला नाही. स्कॅनर लावून चारही सिलिंडरचे मिसफायर, म्हणजे इंधन न पेटण्याचे प्रसंग, पाहिले, शून्य. कूलंटची पातळी पाहिली, इंजिन माउंटिंगची रबरं पाहिली. प्लग काढून आत कॅमेरा घातला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. चारही पिस्टनचे माथे सारखेच काळे. ‘पाणी गेलं असतं ना ताई, तर एखादा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला असता.’

पुढची तपासणी मी विसरणार नाही. ही गाडी उभी असताना इंजिन केव्हाही बंद करते, मग ऐकायचं कसं? त्यासाठी मेंटेनन्स मोड असतो. माझ्या गाडीत इग्निशन ऑन करून ॲक्सिलरेटर पीमध्ये (पार्किंग) दोनदा तळापर्यंत दाबायचा, एनमध्ये (न्यूट्रल) दोनदा, परत पीमध्ये दोनदा, आणि मग स्टार्ट. इंजिन चालूच राहतं. दादांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेल हाउसिंगला, म्हणजे इंजिन आणि ट्रान्समिशन जिथे जोडलेलं असतं तिथे, टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग मला ऐकायला दिलं. इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला नुसती घरघर होती. इथे हातभर बांगड्या एकमेकींवर आपटाव्यात तसा किणकिणाट. गेले चार महिने जो आवाज मला छळत होता, तो नेमका कुठे बसलाय हे पहिल्यांदा कळलं.

‘फ्लायव्हीलचा डॅम्पर,’ दादा म्हणाले. १९९७ मध्ये जपानात टोयोटाची हायब्रिड प्रियस आली तेव्हापासूनच्या ह्या रचनेत वेगळा स्टार्टर नसतो, नेहमीचा क्लचही नसतो. ट्रान्समिशनमधली मोटरच इंजिनाला गरकन फिरवून चालू करते. मधे फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकाला, बोल्टने बसवलेली एक तबकडी असते, तोच डॅम्पर; दिसायला थेट क्लच प्लेट, मधे स्प्लाइन, म्हणजे दातेरी भोक, आणि भोवती स्प्रिंगा. इंजिनाचे धक्के त्या स्प्रिंगा पोटात घेतात. साध्या गाडीचं इंजिन दिवसातून चार-पाचदा चालू होतं, हायब्रिडचं शहरातल्या एका फेरीत तेवढं होतं. आमच्याच फेरीत अकरा वेळा झालं होतं.

ट्रान्समिशन खाली घेण्याआधी त्यातलं तेल पांढऱ्या ट्रेमध्ये काढून त्यातून चुंबक फिरवलं. गिअर खाल्ले गेले असते तर चुरा चिकटला असता. चुंबक जवळपास कोरडंच बाहेर आलं. सव्वातीन लाखांचं भूत तिथेच उतरलं.

काम करताना त्यांची शिस्त पाहण्यासारखी. आधी बारा व्होल्टची बॅटरी सोडवली, मग रबरी मोजे घालून मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढला आणि तो सरळ स्वतःच्या पँटच्या खिशात टाकला. तो खिशात असेपर्यंत कुणीही चुकून परत बसवू शकत नाही. मग दहा मिनिटं गाडीला कुणी हात लावायचा नाही, इन्व्हर्टरमधला, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या डब्यातला, विजेचा साठा उतरू द्यायचा. त्यानंतर मीटरने शून्य पाहूनच मोठ्या दाबाच्या नारिंगी केबलींना हात. एका पोराने घाई केली तर दादांनी त्याला शेडबाहेर उभं केलं.

जुना डॅम्पर त्यांनी माझ्या हातात दिला. हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजला. दोन स्प्रिंगा त्यांच्या खाचेत सैल झाल्या होत्या, अंगठ्याने ढकलल्या तरी सरकत होत्या. खाचेची कडा झिजून चकचकीत झालेली, आणि हाउसिंगच्या तळाशी विटेच्या भुकटीसारखा बारीक तांबूस गाळ. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून ते सरळ फिरतंय का पाहिलं. ते शाबूत होतं, म्हणून बदललं नाही. बदललं असतं तर मी निमूटपणे पैसे दिले असते, मला त्यातलं काय कळत होतं? ह्याच गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितेय.

बिल असं: डॅम्पर २१,४००, ट्रान्समिशनचं तेल आणि कूलंट ५,१००, ड्राइव्ह शाफ्टचे दोन ऑइल सील १,९००, स्कॅनिंग १,५००, मजुरी १६,०००. एकूण ४५,९००.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत. पाच दिवस सांगितले आणि नऊ लागले. पार्ट बुधवारी संध्याकाळी आला, गुरुवारी सुट्टी, आणि नंतर इन्व्हर्टरच्या कूलंटमधली हवा निघेना म्हणून आणखी एक दिवस. ती हवा पूर्ण निघेपर्यंत त्यांनी गाडी सोडली नाही हे मला पटलं, पण तसं फोन करून कळवायला हवं होतं. मी केलेले फोन तर कुणी उचलतच नव्हतं. बसायला एक मोडकी खुर्ची. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, मला समोरच्या कारखान्याच्या वॉचमनकाकांना विनंती करावी लागली. एवढं कसबी काम करणाऱ्या जागेने ही सोय केलीच पाहिजे, मी दादांना तोंडावर सांगून आले. त्यांनी मान्य केलं.

तीन महिने झाले, ४,३०० किलोमीटर. इंजिन कधी चालू झालं हे आता डॅशबोर्डवर पाहूनच कळतं. मागच्या मंगळवारी रात्री साडेदहाला खंबाटकी उतरले, काच खाली करून मुद्दाम कान दिला. फक्त वाऱ्याचा आवाज.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, म्हणजे दादा स्वतः भेटतात. आदल्या रात्रीची गार गाडी न्या आणि आवाज कधी येतो ते चार दिवस लिहून ठेवा, ते विचारतातच. गुरुवारी एमआयडीसी बंद असते.