मोफत विधी सेवेचा वकील: आईच्या वाट्याच्या जमिनीसाठी चौदा महिन्यांचा अनुभव

आईच्या माहेरचं वावर बोरी नदीच्या काठी आहे. 2 हेक्टर 43 आर, कपाशीची काळी जमीन. आजोबा 1998 मध्ये गेले. पुढच्या वर्षी वारसाचा फेरफार, म्हणजे नावं बदलल्याची महसुली नोंद झाली, सातबाऱ्यावर दोन्ही मामांची नावं लागली, आईचं लागलं नाही. इतकी वर्षं घरात कुणी विषय काढला नाही. मग मोठे मामा वावराचा सौदा करताहेत असं कानावर आलं आणि आई एवढंच म्हणाली, "मना बापनी जमीन शे."

आधी आम्ही एका एजंटला गाठलं, तिथेच चुकलो. "महिन्याभरात नाव लावून देतो" म्हणत त्याने 7,000 रुपये घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. खाजगी वकिलाची फी झेपणारी नव्हती. तेव्हा एका ओळखीच्या ताईंनी विधी सेवा समितीचं सांगितलं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे मला पदवीधर असून माहीत नव्हतं, याचं अजून वाईट वाटतं. तालुक्याच्या कोर्टातच समिती असते. साधा अर्ज आणि सोबत कागदांच्या झेरॉक्स, एवढ्यावर काम सुरू झालं. 15100 या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

पहिले वकील मिळाले त्यांनी तीन महिने फाइल उघडलीच नाही. वकील बदलून द्या, असा अर्ज समितीकडे देता येतो. आम्ही दिला आणि वकील ताई मिळाल्या. इथून पुढचं सगळं त्यांच्यामुळे.

त्यांनी दाव्याचं नावही न काढता आधी जुन्या फेरफाराची नक्कल आणायला लावली. "सातबारा मालकीचा पुरावा नाही, तो महसुलाचा कागद आहे. त्यावर नाव कशाच्या आधारे लागलं ते आधी बघू," म्हणाल्या. रेकॉर्ड रूममधून नक्कल मिळायला दोन हेलपाटे पडले. फेरफाराच्या वेळी घेतलेल्या जबाबात लिहिलं होतं की बहिणीला हिस्सा नको आहे. खाली आईच्या नावापुढे अंगठा. माझी आई सातवी शिकलेली आहे, बँकेत, रेशनच्या दुकानात, सगळीकडे सही करते. तो कागद हातात धरून ती कितीतरी वेळ नुसती बघत बसली. मग पिशवीतून पेन काढून तिने झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूला आपली सही केली आणि वकील ताईंसमोर ठेवली.

मामांचं म्हणणं, वाटणी 2001 मध्येच तोंडी झाली. त्यावर ताईंनी आम्हाला कायदा नीट समजावला. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. वडील त्याआधी वारले असले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वीची वाटणी मानायची तर ती नोंदणीकृत तरी हवी किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली तरी. नुसत्या तोंडी वाटणीवर सहसा भागत नाही. आजी आता नाही, म्हणजे तीन सारखे वाटे, आईचे 81 आर. फेरफाराविरुद्ध प्रांतांकडे (महसुलाच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील करता आलं असतं, पण मालकी ठरवायची ती दिवाणी कोर्टानेच. म्हणून थेट वाटपाचा दावा लावला, सोबत मनाई हुकमाचा अर्ज. हुकूम सहाव्या महिन्यात मिळाला आणि सौदा थांबला. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं काम तेच झालं.

फी एक रुपया द्यावी लागली नाही. पण वेळ जातो, हे मनाशी धरूनच या वाटेने जा. ताईंकडे इतरही बऱ्याच केसेस आहेत, संध्याकाळी सातनंतरच बोलणं होतं. नकला, झेरॉक्स, धुळ्याहून एसटीचं भाडं हे सगळं आपल्यालाच बघावं लागतं. तारखा मी मोबाइलवर ई-कोर्ट्समध्ये बघते. सातबारा दर महिन्याला महाभूलेखवर बघते आणि नवीन फेरफाराची नोटीस लागली आहे का ते 'आपली चावडी'वर.

सध्या प्रकरण मध्यस्थीत आहे. धाकले मामा वाटा द्यायला तयार झालेत, मोठे अजून नाहीत. तडजोड झाली तर लोकअदालतीत निवाडा होईल आणि त्यावर अपील नसतं. नाही झाली तर दावा पुढे चालेल. हुकूमनामा झाल्यावरही शेताचे प्रत्यक्ष तुकडे कलेक्टर कार्यालयामार्फतच पडतात, त्यामुळे मोजणीचे पैसे आईने आतापासून डब्यात वेगळे ठेवलेत. मागच्या तारखेला धाकल्या मामांनी घरून तिच्यासाठी दशम्या बांधून आणल्या होत्या. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली बसून दोघांनी खाल्ल्या, जमिनीचा विषय न काढता.