आल्मेरिया: मुक्काम शहरात की सान होसेत?

मैत्रीण सप्टेंबरात स्पेनच्या आल्मेरिया प्रांतात चार दिवस जातेय. राहायचं आल्मेरिया शहरात की सान होसे या किनाऱ्यावरच्या गावात, यावर अडलीय.

प्रवास: शहर माद्रिदशी रेल्वेने जोडलेलं. सान होसेला बस मोजक्याच.

किनारा: इथे सान होसेच पुढे. काबो दे गाता हे १९८७पासून संरक्षित उद्यान. त्यातले हेनोवेसेस आणि मोन्सुल किनारे गावापासून जवळ. मागे ज्वालामुखीचे खडक, हॉटेलांची रांग नाही. सावलीही नाही, पाणी भरपूर न्या!

वाळवंट: ताबेर्नासचं वाळवंट आल्मेरिया शहरापासून साधारण ३० किलोमीटर, म्हणजे शहरच सोयीचं.

खर्च: शहरात पेयासोबत तापास (खाण्याच्या छोट्या बशा) बहुधा फुकट मिळतात.

गाडी चालवणार असाल, शांतता हवी असेल तर सान होसे. बस-रेल्वेवर फिरणाऱ्यांनी शहरात राहावं. मैत्रीण गाडी चालवत नाही, तिला मी शहरच सांगितलं.