उद्यमनगरात बांधून घेतलेली कॅम्पर व्हॅन: सात महिने, मुक्तिनाथपर्यंत, एकटी

गाडी जूनमध्ये ताब्यात आली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेपाळ आणि भूतान करून मी कोल्हापुरात परत आले. मधल्या काळात काटा सुमारे ७,८०० किलोमीटरनी पुढं सरकला. गाडी म्हणजे जुनी तेरा सीटांची डिझेल मिनीबस. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला लिहायचंय ते आतल्या बांधणीबद्दल. ती शिवाजी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये अडीच महिने चालली होती. गाडी सोडून खर्च ४ लाख ६० हजार.

माझं वय चोपन्न. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. एकटीनं जायचं हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे गाडीही एकटीसाठीच बांधायची होती. चौघांच्या गाडीत एकटीनं राहणं आणि एकटीसाठी बांधलेल्या गाडीत राहणं यात केवढा फरक आहे, हे मला मिस्त्रीमामांनी पहिल्याच दिवशी दाखवलं. माझ्या चित्रात ड्रायव्हर सीटच्या मागं पार्टिशन होतं, वर पुस्तकांचं शेल्फ होतं. मामांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, "ताई, रात्री कुणी दार वाजवलं तर तुम्ही खाली उतरून पुढं जाणार काय? बिछान्यावरनं उठलं की थेट स्टेअरिंगला हात लागला पाहिजे." पार्टिशन रद्द झालं. मध्ये दोन फुटांची मोकळी वाट राहिली, नुसता पडदा.

ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात एका बंद ढाब्याच्या आवारात झोपले होते. रात्री दीड वाजता कुणीतरी पत्र्यावर थापा मारायला लागलं. कोण होतं, कशाला आलं होतं, मला आजही माहीत नाही. मी उठले, चार पावलं टाकली, किल्ली फिरवली आणि बारा किलोमीटरवरच्या उजेडातल्या पेट्रोल पंपावर जाऊन थांबले. दार उघडावं लागलं नाही. एकटीनं जाणारी कुणीही गाडी बांधून घेणार असेल, तर बाकी सगळं नंतर बघा, ही वाट आधी मागून घ्या.

कागदांचं आधीच सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. मोटार कॅराव्हॅन हा वेगळा प्रकार आहे आणि त्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. आरटीओत हेलपाटे पडले, पण आरसीवर नोंद झाली. सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळच्या भन्सारच्या, म्हणजे जकातीच्या, खिडकीवर अधिकाऱ्यानं आरसी बघितली, गाडीत डोकावला आणि परत आरसी बघितली. कागदावर तेरा सीटा आणि आत पलंग असता तर त्याला काय सांगितलं असतं, कोण जाणे. दुसरं विम्याचं. आपल्या पॉलिसीवर भौगोलिक क्षेत्र वाढवून मिळतं, त्यात नेपाळ आणि भूतान येतात. माझ्या एजंटला हे ठाऊकच नव्हतं. मीच शाखेत जाऊन जादा हप्ता भरला. आणि भारतीय खासगी गाडी नेपाळात वर्षाला एकूण तीसच दिवस राहू शकते. मी अठ्ठावीस दिवस राहिले.

खरं तर मनात थायलंड होतं. मणिपुरातल्या मोरेहून म्यानमारमध्ये आणि तिथून पुढं. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथं लष्करानं सत्ता घेतली, तेव्हापासून तो रस्ता माझ्यासारखीसाठी उरला नाही. शिवाय बऱ्याच देशांत गाडी न्यायला कार्नेट, म्हणजे ती परत आणण्याची हमी देणारा जकातीचा कागद, लागतं, त्याची तारण रक्कमही मोठी. नेपाळला आपल्या गाडीसाठी कार्नेट लागत नाही. म्हणून पहिला प्रवास तिकडं.

निघण्यापूर्वी गाडीनं आपला पावसाळा बघितला. राधानगरी, आंबोली, दोनदा गगनबावडा. कॅम्पर व्हॅन घेऊन लांब जायचं असेल तर आधी जुलैत गगनबावड्याला दोन रात्री काढा. पहिल्याच रात्री छतावरच्या पंख्याच्या कडेनं पाणी आत आलं. पंखा ऑनलाइन मागवलेला, तयार किटमधला. चार स्क्रू आणि सीलंट एवढ्यावर छताला बसवलेला. गाडी हिंदकळली, सीलंटला चीर गेली. मामांनी तो काढला, छताच्या भोकाभोवती पत्र्याची दीड इंच उंच कॉलर वेल्ड केली आणि पंखा तिच्यावर टोपीसारखा बसवला. आता पाण्याला आत यायचं तर दीड इंच वर चढावं लागेल. नंतर पोखऱ्याला गारांसकट पाऊस झाला, आत थेंब नाही.

हाच अनुभव पुढं पुन्हा पुन्हा आला. जे माझ्यासमोर बांधलं गेलं, ते एकतर टिकलं किंवा मोडलं तेव्हा मला उघडता आलं. बंद डबे विकत आणले, त्यांनी दगा दिला की मी नुसती बघत बसायची. ड्रॉवरचं बघा. चार ड्रॉवरना मी हट्टानं हलकेच बंद होणारे तयार चॅनल लावून घेतले. दोन कपाटांना मामांनी लोखंडी बिजागऱ्या, हादऱ्यानं ढिले न होणारे नायलॉक नट आणि वरून साधी कडी लावली. नेपाळात मुक्तिनाथकडं जाताना लागणारा बेनी ते जोमसोम हा रस्ता कालीगंडकीच्या काठानं दगडधोंड्यांतून जातो. त्या एका दिवसात चारपैकी तीन ड्रॉवर चॅनल सोडून बाहेर आले, डबे फुटले, सगळ्या गाडीभर कांदा-लसूण चटणी. कड्या जागच्या जागी होत्या. उरलेला प्रवास मी ड्रॉवर सायकलच्या ट्यूबनं बांधून केला.

पाण्याचंही तसंच. ८० लिटरची टाकी मला चार दिवस पुरायची. बारा व्होल्टचा पंप सोनौलीपलीकडचं भैरहवा सोडल्यावर बंद पडला, त्याचा प्रेशर स्विच चिकटला होता. पण सिंकच्या वर मामांनी चावी लावलेलं बारा लिटरचं स्टीलचं पिंप बसवून दिलं होतं. मी म्हटलं होतं, हे जुनाट दिसतंय. पुढचे तेवीस दिवस त्याच पिंपावर भांडी घासली आणि तोंड धुतलं.

पण सगळं तयार सामान वाईट, असं माझं म्हणणं नाही. २० लिटरचं पोर्टेबल टॉयलेट ही मी केलेली सगळ्यात चांगली खरेदी. रात्री दार न उघडता ते आत आहे, याची किंमत एकट्या बाईलाच कळेल. एकटीला पाच दिवस चालतं आणि कुठल्याही नीट संडासात ओतता येतं. डीसी फ्रिजही तयारच होता, त्यानं एकदाही तक्रार केली नाही. उलट मामांचीही एक मोठी चूक झाली: वजन. पलंगाची फ्रेम त्यांनी ट्रॉलीला लावतात तसल्या जाड चौकोनी पाइपची केली. उसाच्या रस्त्यावरच्या वजनकाट्यावर गाडी नेली, तर माझ्या हिशेबापेक्षा १८० किलो जास्त भरली. रिकामी असताना लिटरला अकरा देणारी गाडी साडेनऊवर आली. नेपाळातल्या पाल्प्याच्या चढावर ते वजन पायाला जाणवत होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघाले. आदल्या संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटलं, घरी येऊन त्यातली चार पानं डॅशबोर्डवर ठेवली. सीमोल्लंघन हा शब्द लहानपणापासून ऐकत आले, पण सोनौलीच्या कमानीखालून गाडी पलीकडे गेली तेव्हा तो पहिल्यांदा अंगावर आला. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं केलं आणि शंभर रुपयांचे एकशे साठ झाले. तिकडं दशैं, म्हणजे त्यांचा दसरा, चालू होता, तो कोजागिरीपर्यंत चालतो. माणसांच्या कपाळावर तांदळाचा लाल टिका, आणि गॅरेज बंद. पंप दुरुस्त न होण्याचं तेही एक कारण. डिझेलची मात्र चिंता करू नका. मोतिहारीहून अमलेखगंजला २०१९ पासून ६९ किलोमीटरची पाइपलाइन आहे, माल आपल्या इंडियन ऑइलचाच.

आता मुक्तिनाथची ती सकाळ.

मंदिराच्या खाली राणीपौवाला मुक्काम होता. उंची साडेतीन हजार मीटरच्या वर. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-अवरची बॅटरी, छतावर ३३० वॅटचं सोलर, सात वाजता लख्ख ऊन, आणि चार्जिंग शून्य. रात्री हीटर आणि फ्रिज चालवून बॅटरी तळाला गेली होती. मला वाटलं सोलरचा कंट्रोलर जळाला. तसं काही नव्हतं. या जातीची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर आतून खराब होते, म्हणून तिच्यातलं सर्किटच चार्जिंग तोडतं. डिस्चार्ज चालू राहतो, म्हणून रात्री काही कळत नाही. आणि बॅटरी आम्ही ठेवली होती बाजूच्या दाराजवळ, जमिनीला टेकून, म्हणजे गाडीतल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. ही चूक मामांची आणि माझी दोघांची. कोल्हापुरात बसून शून्य अंश कुणाच्या डोक्यात येणार?

गॅसनंही त्याच सकाळी मान टाकली. आपल्या सिलिंडरमधल्या ब्युटेनची शून्याच्या आसपास वाफच होत नाही, ज्योत नखाएवढी. शेजारच्या लॉजच्या वायफायवरून मामांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी बॅटरी कुठं आहे ते मला परत दाखवायला लावलं, गप्प राहिले, आणि म्हणाले, "आधी तो लाल खटका टाका, दिवे तरी लागतील. मग तिला ऊब द्या." लाल खटका म्हणजे इंजिनची बॅटरी हातानं गाडीतल्या घराच्या लायनीला जोडणारा मोठा स्विच. तो मला शेडमध्ये तीन वेळा उघडून दाखवला होता, म्हणून हात थरथरला नाही. ऊब दिली लॉजच्या आमांनी, तिथल्या थकाली समाजातल्या आजींनी. त्यांनी चुलीवरचं गरम पाणी रबरी पिशवीत भरून दिलं, वर स्वतःची जुनी रजई दिली. पिशवी बॅटरीला टेकवली, रजई गुंडाळली, दीड तासानं कंट्रोलरवर आकडे हलायला लागले. पाण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी कोल्हापूरहून नेलेल्या गुळाचा अर्धा रवा त्यांना दिला. नंतर त्यांच्याकडं जेवले, डाळ-भात, भात पुन्हा पुन्हा वाढत होत्या. त्या उंचीवर कुकरशिवाय भात लवकर शिजत नाही, पाणी कमी तापमानालाच उकळतं. माझ्याकडं तीन लिटरचा कुकर होता. तो नसता तर घरचं जेवण खालीच सोडून यावं लागलं असतं.

तिथून खाली उतरल्यावर आणखी एक गोष्ट कळली. थंडीत एका माणसाच्या श्वासानंही गाडी आतून ओली होते. काचांवरचं पाणी दिसतं, गादीखालचं दिसत नाही. पोखऱ्याला गादी उचलली तर प्लायवूडवर बुरशीचे काळे ठिपके. प्लायवूडला भोकं पाडून घेतली आणि गादीखाली लाकडी पट्ट्या टाकल्या, हवा खेळायला लागली. बांधतानाच करून घ्यायला हवं होतं. त्याच आठवड्यात तिहार, म्हणजे तिकडची दिवाळी, होता. त्यातल्या कुकुर तिहारला, कुत्र्यांच्या दिवशी, रस्त्यावरच्या कुत्र्यांच्याही गळ्यात झेंडूच्या माळा. माझ्या गाडीखाली तीन रात्री झोपणाऱ्या एका काळ्या कुत्र्याला मीही टिका लावला, आणि घरून आणलेली चकली दिली.

भूतानबद्दल थोडक्यात. गाडी तिथं नेऊ नका. मी गेले तेव्हा भारतीयांना माणशी रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क होतं, सीमेवरच्या फुन्शोलिंगच्या पुढं गाडीला वेगळं, दिवसाला ४,५०० होतं, आणि मुक्काम हॉटेलातच. मग चाकांवरचं घर कशाला? नेपाळच्या पूर्व टोकाच्या काकडभिट्टाहून परत भारतात आले, गाडी भूतानच्या सीमेलगतच्या जयगावला एका लॉजच्या अंगणात लावली, पासपोर्ट घेऊन पाच रात्री पारो आणि थिंफूला टॅक्सीनं जाऊन आले. ओळखपत्र म्हणून आधार तिथं चालत नाही, हेही लक्षात ठेवा. तर गाडीनं दोन देश बघितले, मी तीन.

पैशाच्या हिशेबानं बघितलं, तर एवढ्या रकमेत चांगल्या हॉटेलांत राहून हा प्रवास दोनदा झाला असता. तो हिशेब मी निघण्याआधीच केला होता. पण दुपारी तीन वाजता कोशी बराजच्या पलीकडे एक शेत आवडलं म्हणून तिथंच थांबायचं, मालकाला विचारायचं, चहा करायचा, आणि अंधार पडला तरी कुठं पोचायची घाई नाही, हे मला हॉटेल देत नाही.

पुढच्या आठवड्यात गाडी परत शेडमध्ये जाते आहे. बॅटरी पलंगाखाली मध्यभागी येणार, तिच्याभोवती रबर फोमची पेटी. पलंगाची फ्रेम अर्ध्या जाडीच्या पाइपची. तयार चॅनल निघणार, सगळ्या ड्रॉवरना कड्या. पंप बदलून हातानं दाबायचा बसवायचा, पिंप आहे तिथंच राहील. मामांनी काल येऊन सगळी गाडी खालनं-वरनं बघितली, मुक्तिनाथच्या रस्त्यावर तडा गेलेला एक वेल्ड त्यांनी बोटानं चाचपून शोधला, माझ्या नजरेला तो पडलाच नव्हता, आणि मला म्हणाले, "हे मी करून देतो, त्याचे पैसे लावायचे न्हाईत."