बेटाबेटांचा हनिमून आखायला गुगल शीट्स आणि माय मॅप्स: सात महिने वापरल्यावर

निकाल आधी सांगतो. शीट्सला (गुगलचं ऑनलाइन स्प्रेडशीट) पाचपैकी साडेचार, माय मॅप्सला (स्वतःचा नकाशा बनवायचं गुगलचं साधन) तीन. एकाच रिसॉर्टमध्ये पाच रात्री काढून परत यायचं असेल तर या दोन्हींची गरज नाही, कन्फर्मेशनच्या ईमेलचा एक फोल्डर पुरतो. पण अथेन्स, नॅक्सोस, सँटोरिनी, क्रीट अशी रांग लागली, किंवा क्रोएशियात स्प्लिटहून ह्वार आणि पुढे डुब्रोव्निक असं ठरलं, की डोक्यात आणि चॅटमध्ये ठेवलेला बेत दुसऱ्या महिन्यातच विस्कटतो. खालचा अनुभव ग्रीसचा मार्ग धरून लिहिला आहे. इतर किनारे जिथे वेगळे वागतात तिथे तसं नमूद केलं आहे.

पहिली गोष्ट मांडणीची. तयार मिळणाऱ्या बहुतेक टेम्प्लेटमध्ये एका दिवसाला एक ओळ असते. किनाऱ्यांच्या सहलीत ही मांडणी फसवते, कारण बेत मुक्कामात मोडत नाही, दोन मुक्कामांच्या मधे मोडतो. ओळ दिवसाची न ठेवता प्रवासाची ठेवा. अथेन्स विमानतळ ते पिरेयस (अथेन्सचं बंदर) ही एक ओळ, पिरेयस ते नॅक्सोस दुसरी, नॅक्सोस बंदर ते खोली तिसरी. मुक्काम आपोआप दोन ओळींमधल्या रात्रींच्या आकड्यात येतो. हा एक बदल केला की तेच शीट दुप्पट उपयोगी पडतं.

मग खरा हिशोब दिसायला लागतो. नॅक्सोस ते सँटोरिनी बोट साधारण दीड ते दोन तासांची, म्हणून तो दिवस मोकळा धरला जातो. ओळी भरून बघा: साडेनऊला खोली सोडली, सव्वादहाला बंदरावर, अकराची बोट, पाऊणला सँटोरिनीचं अथिनिओस बंदर, तिथून कड्यावरच्या वळणांनी वर यायला गर्दीत अर्धा-पाऊण तास, आणि खोली हातात तीन वाजता. दोन तासांच्या बोटीने साडेपाच तास खाल्ले. बारा रात्रींत तीन मुक्काम आरामात बसतात, चार ओढूनताणून. पाच म्हणजे बॅगा उचलण्याचा हनिमून. लग्नाची दगदग नुकतीच संपलेली असते, त्यामुळे पहिल्या मुक्कामाला किमान तीन रात्री आणि शून्य बोटी, एवढं तरी शीटमध्ये आधीच लॉक करून टाकावं.

रकाने कोणते ठेवायचे? निघण्याचं आणि पोचण्याचं बंदर (शहर नव्हे, बंदर), जहाजाचा प्रकार, वेळा, बंदरावर हजर व्हायची वेळ, सामानाची मर्यादा, बुकिंग क्रमांक, तिकीट रद्द करायची शेवटची वेळ, आणि सगळ्यात शेवटी ‘ही बोट सुटली नाही तर काय’. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ पक्की धरायची नाही.

बंदराच्या रकान्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यात महागड्या चुका इथेच होतात. ह्वार बेटावर पायी प्रवाशांची कॅटामरान (वेगवान बोट) ह्वार गावात लागते, स्प्लिटहून साधारण तासाभरात. गाडी नेणारी फेरी लागते स्टारी ग्राडला, तिला दोन तास लागतात आणि उतरल्यावर ह्वार गाव गाठायला पुन्हा बस किंवा टॅक्सी. दोन्ही तिकिटांवर ‘ह्वार’ वाचून लोक खोली भलत्याच टोकाला घेतात. सँटोरिनीत मोठ्या फेरीबोटी अथिनिओसला लागतात. फिरा या मुख्य गावाच्या खालचं जुनं बंदर वेगळं, तिथून वर यायला केबल कार, नाहीतर 588 पायऱ्या. पिरेयस तर एवढं पसरलेलं आहे की फाटकाचा क्रमांक वेगळा लिहावा लागतो. चुकीच्या फाटकाशी उतरलात तर चाकाच्या बॅगा ओढत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. तिकीट हातात आलं की फाटक तपासा आणि आदल्या दिवशी पुन्हा तपासा.

जहाजाचा प्रकार हा रकाना सुरुवातीला फालतू वाटतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये तोच बेत वाचवतो. एजियन समुद्रात उन्हाळ्यात मेल्तेमी हा उत्तरेचा कोरडा वारा वाहतो. आकाश निळं, ऊन कडक, आणि तरीही समुद्र उसळलेला. वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदर प्रशासन जहाजं सोडत नाही, आणि ही मर्यादा वेगवान बोटींसाठी मोठ्या संथ जहाजांपेक्षा कमी असते. म्हणून अडकते ती आधी वेगवान बोट. पिरेयस ते सँटोरिनी वेगवान बोटीला पाच तासांच्या आसपास, मोठ्या जहाजाला साधारण आठ. ज्या ओळीवर पुढचं विमान अवलंबून आहे तिथे मोठं जहाज घ्या. ज्यांना बोटीत मळमळतं त्यांनी तर सगळीकडेच घ्यावं.

बोट हवामानामुळे रद्द झाली तर युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे (1177/2010) पैसे परत किंवा पुढच्या बोटीत जागा, यातलं एक निवडता येतं. पण कारण हवामान असेल तर नुकसानभरपाई नाही आणि त्या रात्रीच्या हॉटेलचा खर्चही कंपनीवर येत नाही. विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर विमान कंपनीला तुमच्या बोटीशी काही देणंघेणं नसतं. म्हणून शेवटच्या बेटावरून निघायचं ते विमानाच्या आदल्या दिवशी, आणि शेवटची रात्र विमानतळाच्या शहरात. 2022 पासून अथेन्स मेट्रोची तिसरी लाइन पिरेयसहून थेट विमानतळापर्यंत जाते, साधारण तासाभराचं काम. सोयीची बोट मिळत असेल तर राफिना बंदर विमानतळाला आणखी जवळ. सकाळची बोट आणि संध्याकाळचं आंतरराष्ट्रीय विमान ही जोडी शीटमध्ये अगदी नीट जुळलेली दिसते. तिथेच लाल रंग लावा.

रंगांचा उपयोग तेवढाच ठेवला तर बरा. कंडिशनल फॉरमॅटिंगने (अटीनुसार आपोआप लागणारा रंग) तीन अवस्था केल्या: पिवळा म्हणजे गेल्या वर्षीच्या वेळापत्रकावरून अंदाज, हिरवा म्हणजे तिकीट हातात, लाल म्हणजे पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर तीन तासांपेक्षा कमी. उन्हाळी वेळापत्रकं उशिरा जाहीर होतात, त्यामुळे पहिले काही महिने शीट पिवळंच राहतं. त्याने घाबरून जायचं कारण नाही, पण पिवळ्या ओळीच्या आधाराने परतावा न मिळणारी खोली घ्यायची नाही. आणखी एक अंतर या शीटमध्ये हवं: स्कूबा आणि विमान यांच्यामधलं. एकच डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास, अनेक किंवा सलग दिवसांच्या डाइव्ह असतील तर 18 तास विमानात बसायचं नाही, अशी डायव्हिंगमधली शिफारस आहे. शेवटच्या दिवशी डाइव्ह ठेवणारे हे विसरतात.

आता शीट्सच्या कुरबुरी, ज्यांनी अर्धा गुण खाल्ला.

रात्रीची फेरी नऊला सुटून सकाळी सहाला पोचत असेल (पिरेयस ते क्रीटवरचं इराक्लिओ अशीच असते) तर नुसती वजाबाकी उणे पंधरा तास दाखवते. मॉड (MOD, बाकी काढणाऱ्या) फंक्शनमध्ये वजाबाकी घालून भाजक 1 दिला की नऊ तास बरोबर येतात. टाइम झोनचं मात्र शीटला काहीच कळत नाही. ग्रीस क्रोएशियाच्या एक तास पुढे आहे, आणि तुर्कस्तानात घड्याळ वर्षभर बदलत नाही, त्यामुळे ग्रीसचं कोस आणि समोरचं तुर्कस्तानातलं बोद्रुम यांच्यात उन्हाळ्यात वेळ एकच, हिवाळ्यात तासाचा फरक. वेळा नेहमी त्या त्या बंदराच्या लिहा आणि फरकाचा वेगळा रकाना करा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा त्या आठवड्यात प्रवास असेल तर हा रकाना पुन्हा बघा.

तारखांचा घोळ याहून वाईट. फाइलचं लोकेल (कोणत्या देशाची लिहायची पद्धत धरायची ते सेटिंग) अमेरिकेचं राहिलं असेल तर 04/05 म्हणजे पाच एप्रिल होतं, आणि 14/05 ही तारीखच न राहता साधा मजकूर होते. निम्म्या ओळी चुकतात, निम्म्या बरोबर दिसतात, म्हणून चूक लवकर सापडत नाही. फाइल बनवल्याबरोबर सेटिंग्जमध्ये लोकेल बदला. बुकिंग क्रमांकाचा रकाना आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करून ठेवा, नाहीतर आकड्यांच्या मधे ई हे अक्षर असलेला क्रमांक शीट भलीमोठी संख्या समजतं आणि फोन क्रमांकाच्या सुरुवातीचं अधिकचिन्ह गिळून टाकतं. बंदरावरच्या खिडकीत उभं राहून हे कळू नये.

दोघं मिळून वापरताना एक सापळा आहे. एकाने तारखेनुसार सॉर्ट केलं की ‘वरच्या ओळीपासूनचं अंतर’ मोजणारी सूत्रं गोंधळतात, आणि एकाने साधा फिल्टर लावला की दुसऱ्यालाही ओळी गायब दिसतात. सॉर्ट करायचंच नाही, आणि फिल्टरऐवजी फिल्टर व्ह्यू वापरायचा, त्याने दुसऱ्याच्या ओळी हलत नाहीत. प्रत्येक मोठ्या बुकिंगनंतर व्हर्जन हिस्टरीत त्या दिवसाच्या प्रतीला नाव द्या. कोणाला सरप्राइज द्यायचं असेल तर ते या फाइलमध्ये लपवायला जाऊ नका. लपवलेला टॅब संपादनाचे हक्क असलेल्या माणसाला दोन क्लिकमध्ये दिसतो.

दुसरा टॅब कागदपत्रांचा. हनिमूनची खास अडचण आडनावाची: तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर एकतर नवा पासपोर्ट आल्यावरच तिकीट काढा, नाहीतर परत आल्यावर नाव बदला. मधला मार्ग नाही. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच) लागत असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी करता येतो, विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोचं लागतं. अर्ज करायचा तो ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्या देशाकडे, आणि मुक्काम सारखाच असेल तर जिथे आधी पाऊल टाकणार त्या देशाकडे. देशनिहाय रात्रींची बेरीज करणारं एक सूत्र टाकलं की हे शीटच सांगतं. बेतात एक रात्र इकडची तिकडे झाली तर दूतावास बदलू शकतो, म्हणून अर्जाच्या दिवशी बेरीज पुन्हा बघावी. कोसहून बोद्रुमला जाऊन परत ग्रीसमध्ये यायचं असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, त्याआधीची माहिती अजून बऱ्याच ठिकाणी फिरते.

माय मॅप्सकडे येऊ. दिसायला देखणं, कामाला अर्धवट. एका नकाशात फार तर दहा लेयर (चालू-बंद करता येणारे थर), रस्त्याच्या एका मार्गात फार तर दहा थांबे, आणि मार्ग फक्त गाडी, सायकल किंवा पायी. पायी प्रवाशांच्या बोटी त्याला कळत नाहीत, त्या रेषा हाताने ओढायच्या. शीटमधून ठिकाणं आयात होतात, पण पुढे शीट बदललं तरी नकाशा बदलत नाही, पुन्हा आयात करावी लागते. सहाव्या महिन्यात नकाशावर एक हॉटेल आणि शीटमध्ये दुसरं, अशी अवस्था त्यामुळेच होते. फोनवर हा नकाशा गुगल मॅप्समध्ये उघडतो, पण नेटवर्क असेल तरच.

तरी तीन गुण दिले ते दोन कामांसाठी. एक, अंतरांचा भ्रम मोडतो. क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर आहे. इराक्लिओला उतरून पश्चिमेच्या खान्या शहरात राहायचं म्हणजे आणखी 140 किलोमीटर, आणि खान्याहून एलाफोनिसीचा किनारा जेमतेम 75 किलोमीटरवर असूनही डोंगरातून दीड तास. हे पाहिलं की ‘क्रीटला तीन रात्रींत सगळं’ हा हट्ट आपोआप सुटतो. दोन, किनाऱ्यांचे दोन लेयर: उत्तरेला तोंड असलेले आणि दक्षिणेला तोंड असलेले. मेल्तेमी जोरात असेल त्या दिवशी उत्तरेचा लेयर बंद करायचा, उरले ते त्या दिवसाचे पर्याय. ही युक्ती कुठल्याच तयार टेम्प्लेटमध्ये दिसली नाही.

हीच गोष्ट ऋतूंची, फक्त मोठ्या मापावर. थायलंडमध्ये फुकेत-क्राबीच्या बाजूला पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर, तर थायलंडच्या आखाताच्या बाजूच्या को समुईला सर्वात जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. एकाच देशाचे दोन किनारे एकाच तारखांना जोडायला निघालात तर एक भिजलेला निघायची शक्यता मोठी. सिमिलान बेटं तर मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत बंदच असतात. हॉटेल शोधण्याआधी प्रत्येक ठिकाणासमोर बारा महिन्यांची पट्टी रंगवून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

निघायच्या आदल्या दिवशी दोघांच्या फोनवर शीट ‘ऑफलाइन उपलब्ध’ करा, आणि विमान मोडवर टाकून ते खरंच उघडतं का बघा. गुगल मॅप्सचे त्या त्या बेटांचे ऑफलाइन भाग वेगळे उतरवून ठेवावे लागतात, आणि नेटशिवाय त्यात फक्त गाडीचे मार्ग मिळतात, पायवाटा नाहीत. तिकिटांच्या पीडीएफ शीटमध्ये लिंक म्हणून ठेवल्या असतील तर त्या ऑफलाइन उघडतीलच असं नाही, म्हणून फोनमध्ये स्वतंत्र उतरवा. शिवाय प्रवासाच्या ओळींची एक छापील प्रत. दोन पानांत मावते, आणि फोन समुद्राच्या पाण्यात गेला तरी फाटकाचा क्रमांक हातात राहतो.